शर्यतीची तारीख आणि साहेबांची मिशी

अण्णांनी आयुष्यात सायकल एकदाच चालवली, आणि तीही उतारावर. उताराच्या तळाशी उघडं गटार होतं, एवढं सांगितलं की पुढचं सांगायला नको. तरीही सायकल महासंघाच्या छापील कॅलेंडरात आमच्या गावच्या रस्ता-शर्यतीपुढे आयोजक म्हणून तेवीस वर्षं अण्णांचंच नाव छापून येतं. धंदा सलूनचा. खुर्च्या दोन. त्यातली एक आहे तिथेच राहते, दुसरी गिऱ्हाइकाला घेऊन हळूहळू खाली बसते. दाढी सुरू होते तेव्हा आरशात माणसाची छाती दिसते आणि संपते तेव्हा फक्त कपाळ. नवा माणूस घाबरतो. आम्ही जुने लोक त्या खुर्चीत बसलो की आधीच मान वर काढून ठेवतो.

सलूनवाल्याचा आणि सायकलच्या शर्यतीचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध पायांचा आहे. अण्णांचं नवं नवं लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. एक सडपातळ तरुण सलूनमध्ये आला, खुर्चीत बसला आणि त्याने पँट गुडघ्यांच्या वर दुमडली.

"पाय करायचेत," तो म्हणाला.

"ऑपरेशन आहे?" अण्णांनी विचारलं.

"नाही. उद्या रेस आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. सायकलपटू रस्त्यावर आपटला की कातडी सोलते, जखमेत केस अडकतात, पट्टी काढताना जीव जातो. म्हणून पाय तुळतुळीत ठेवायचे. अण्णांना ते पटलं. अडचण दराची होती. भिंतीवरच्या फळ्यावर कटिंग होती, दाढी होती, डोक्याचं मालिश होतं, पाय नव्हते. अण्णांनी दोन्ही पायांकडे नीट पाहिलं, मनात क्षेत्रफळ काढलं आणि चार दाढ्यांचे पैसे सांगितले. तरुणाने दिले.

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकान बंद ठेवून शर्यत बघायला गेले. कुणाला ओळखत नव्हते, नियम ठाऊक नव्हते. झुंड आली तेव्हा त्यांनी तोंडांकडे पाहिलंच नाही, फक्त पाय पाहिले, आणि सगळ्यांत पुढे आपले पाय ओळखले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "माझे पाय पहिले आले." वहिनींनी त्यांच्या लुंगीखालच्या पायांकडे एकदा बघितलं आणि ताट वाढलं.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. ती शर्यत भरवणारे व्यायामशाळेचे मास्तर पुढे मुलीकडे परगावी राहायला गेले. जाताना त्यांनी शिट्टी, चुन्याची बादली आणि काटा अडकलेलं एक स्टॉपवॉच अण्णांच्या सलूनमध्ये ठेवलं. "परत येईपर्यंत सांभाळा," म्हणाले. ते काही परत आले नाहीत. अण्णांनी स्टॉपवॉच दुरुस्त करून घेतलं.

आता, रस्त्यावरची शर्यत भरवणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. मैदानावरच्या खेळाला मैदान असतं. तिकीट लावता येतं, भिंत बांधता येते. इथे एकशे अठरा किलोमीटर रस्ता, आणि तो दुसऱ्यांचा. तो काही तासांसाठी मागून घ्यायचा, ट्रकवाल्यांच्या शिव्या खायच्या, वळणावळणावर माणूस उभा करायचा, अॅम्ब्युलन्स, पाणी, केळी, बक्षिसं बघायची. आणि प्रेक्षकाला दिसणार काय, तर अकरा सेकंदांत डोळ्यांसमोरून गेलेली एक रंगीत झुळूक. पैसे देणारा विचारतो, "मला यात काय?" त्याला उत्तर नसतं.

अण्णांनी उत्तर शोधलं नाही, पद्धत शोधली. आधी फेस लावायचा. गालभर, हनुवटीखाली, ओठांवर. मग वस्तरा पट्ट्यावर दोनदा फिरवायचा, गिऱ्हाइकाची मान मागे टेकवायची, आणि पातं कंठाशी आलं की हळूच म्हणायचं, "यंदा पाण्याच्या बाटल्या तुमच्याकडून धरू ना?" त्या अवस्थेत मान हलवता येत नाही. बोलता तर मुळीच येत नाही. अण्णा पाच सेकंद थांबायचे आणि म्हणायचे, "धरल्या."

मी स्वतः अशा रीतीने तीन वर्षं केळी दिली आहेत. चौथ्या वर्षी दाढी ठेवली.

पण पाणी आणि केळी यांवर शर्यत होत नाही. मोठ्या रकमेचा माणूस लागतो, आणि तो आपलं नाव शर्यतीला लावून मागतो. त्यामुळे आमच्या शर्यतीचं नाव दर तीन-चार वर्षांनी बदलत आलं. चष्मेवाला होता तेव्हा पहिला येणाऱ्याला चषक आणि सोबत एक फ्रेम मिळायची, नंबर असो वा नसो. पाण्याच्या टाक्यांचा कारखानदार होता तेव्हा विजेत्याला पाचशे लिटरची टाकी मिळाली; तो बिचारा सायकलवरूनच आला होता. आणि शेवटची चार वर्षं मूळव्याधीच्या मलमवाल्याची. सगळ्या स्वारांच्या पाठीवर मलमाचं नाव आणि खाली 'आता बसा निर्धास्त'. मलमाचा खप वाढला म्हणतात. पण बाहेरगावचे नावाजलेले स्वार येईनासे झाले. त्यांच्या घरचे फोटो मागायचे आणि यांना दाखवता यायचे नाहीत.

हे सगळं चाललं असताना वहिनी काय करत होत्या? वहिनी शिव्या देत होत्या. शिव्या देता देता सगळे अर्ज लिहीत होत्या, कारण अण्णांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नाही. पोलिसांचा अर्ज, बांधकाम खात्याचा अर्ज, दवाखान्याचा अर्ज. परवानगी आली की ती शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायच्या आणि अण्णांकडून 'हं' म्हणवून घ्यायच्या. आणखी एक गोष्ट आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. अण्णा स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत. लग्न झाल्यापासून ती वहिनी करतात. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, त्याच खाली बसणाऱ्या खुर्चीत. वेळ साडेचार मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. गावात वहिनींसारखा हात नाही, अण्णांचासुद्धा नाही. आणि हे अण्णांना मान्य आहे, फक्त गिऱ्हाइकांसमोर नाही.

तर मूळ गोष्टीकडे. परवा परवा, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, बांधकाम खात्याने रस्ता खणला आणि शर्यत झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी रस्ता भरला, पण मलमवाल्याने हात काढून घेतला. त्याला क्रिकेटचा संघ मिळाला होता. तेव्हाही झाली नाही. मग महासंघाचं पत्र आलं. वहिनींनी मोठ्याने वाचलं. सलग तीन वर्षं शर्यत न झाल्यास गावाची तारीख कॅलेंडरातून कायमची काढून दुसऱ्या गावाला देण्यात येईल. यंदा शर्यत झाली असं तेव्हाच धरलं जाईल, जेव्हा कमीत कमी तीस स्वार वाहनांना बंद असलेल्या रस्त्यावरून अंतिम रेषा ओलांडतील.

"हं," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी एका वकिलाचा एका बाजूचा कल्ला अर्धा इंच वर घेतला. अण्णांच्या हातून असं कधी होत नाही.

पैसा शेवटी आणला तो वहिनींनी, आणि तो कसा ते ऐकण्यासारखं आहे. सलूनच्या बरोबर समोर गादीशेठनी नवी तीन मजली शोरूम बांधली होती. गादीशेठ घरी मशीनने दाढी करतात, त्यामुळे अण्णांच्या पद्धतीच्या आवाक्याबाहेरचे. वहिनी त्यांच्याकडे गेल्या त्या दहा वर्षांच्या हमीचा कागद घेऊन. म्हणाल्या, तुमची गादी दोन वर्षांत बसली. गादीशेठनी माणूस पाठवला. माणसाने परत जाऊन सांगितलं की गादी चांगली आहे, फक्त एका कडेला खळगा पडलाय. मग शेठ स्वतः आले.

"वहिनी, इथे कोण उड्या मारतं?"

"उड्या कोण मारतंय? हे बसतात. पाय खाली सोडून. पहाटेपर्यंत."

"का?"

"शर्यतीची तारीख जाणार म्हणून."

"मग मी नवी गादी देतो."

"नवीलाही खळगाच पडेल. त्यापेक्षा शर्यत द्या. तुम्हाला स्वस्त पडेल."

गादीशेठ धंदेवाईक माणूस. हमीच्या कागदावर अजून आठ वर्षं शिल्लक होती. त्यांनी होकार दिला, पण अटी घातल्या. अंतिम रेषा शोरूमच्या दारासमोर. पहिला येणारा सायकलवरून उतरला की थेट दारात मांडलेल्या गादीवर आडवा, आणि त्याचा फोटो. शोरूमचं उद्घाटन नगराध्यक्षांच्या हस्ते बरोबर सव्वाअकराला. आणि बक्षिसांचा चेक त्यानंतर. अंतिम रेषा शोरूमसमोर म्हणजे आपोआप सलूनसमोर. लगेच गल्लीत कुजबुज सुरू झाली की अण्णांनी दुकान चालावं म्हणून शर्यत वळवली. ही कुजबुज कुणी सुरू केली ते मला ठाऊक नाही, असं मी तेव्हाही सांगितलं होतं.

वाहतूक साहेबांची परवानगी मिळाली ती सकाळी साडेसात ते अकरा. साहेब नियमाचा माणूस. मिशी झुबकेदार, दोन्ही टोकं वर वळलेली. त्यांच्या कचेरीत त्यांच्याआधी ती आत यायची म्हणतात. वहिनींनी परवानगी वाचली. "सदर रस्ता सकाळी अकरा वाजेपर्यंत, अथवा वाहतूक अधिकारी रस्ता खुला करण्याचा आदेश देईपर्यंत, वाहनांस बंद राहील." त्या 'अथवा'पाशी जरा थांबल्या. पुन्हा वाचलं. अण्णांनी दोनदा 'हं' म्हटलं.

आता फाटक. आमच्या मार्गावर शेवटून बारा किलोमीटरवर रेल्वेचं फाटक आहे, त्यानंतर एक चढ, मग सरळ गाव. फाटकवाला अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. त्याने वेळापत्रक आणून दाखवलं. "साडेनऊ ते साडेअकरा काही नाही, अण्णा. चाक नाही की इंजिन नाही. माझ्या शब्दावर जा." अण्णा गेले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी रिवाजाप्रमाणे सलूनमध्ये पाय झाले. फुकट. बाकावर रांगेने स्वार, पँटी दुमडलेल्या, आणि अण्णा गुडघ्यांवर बसून एकेक पाय मांडीवर घेऊन. आमच्या गावचा पोस्टमन होता. वय बत्तीस, गेली नऊ वर्षं पळतोय, एकदाही पहिल्या पाचांत नाही, आणि यंदा शेवटचं असं बायकोला कबूल करून आलेला. शेवटी कंपाउंडर आला. दवाखान्यातला, वय पंचेचाळीस, पोट बेताचं पुढे. हा दरवर्षी उतरतो आणि दरवर्षी अॅम्ब्युलन्समधून परत येतो. ड्यूटीवरचीच गाडी असते म्हणून कुणी बोलत नाही.

"तुझे करायलाच हवेत का?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, यंदा तीस माणसं पाहिजेत ना? मग मी एक."

"तू पोचलास तर एक."

"दोन्ही पाय करा. एकावर तर नाही पोचणार."

सकाळी साडेसातला सत्तेचाळीस जण सुटले. महासंघाच्या पंच बाई पुढच्या जीपमध्ये, हातात वही, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर काही नाही. अण्णा त्यांच्या शेजारी, गळ्यात मास्तरांचं स्टॉपवॉच. दक्षिणेकडचा वारा सुटला आणि माणसं गळायला लागली. ऐंशीव्या किलोमीटरला पंच बाईंनी मोजलं आणि वहीत लिहिलं. रस्त्यावर उरले तीस. बरोबर तीस. पुढे तीन, त्यात पोस्टमन. त्यांच्या मागे अकरा. त्यांच्या मागे पंधरा. आणि सगळ्यांच्या मागे, अॅम्ब्युलन्सला चुकवत, एकटा कंपाउंडर.

दहा वाजून एकोणीस मिनिटांनी पुढचे तिघं फाटकापाशी आले आणि फाटक पडलं.

फाटकवाला धावत आला. चेहरा पांढरा. "अण्णा, कागदावर नव्हती! कोळशाची आहे. खास आहे. आत्ता कळवलं."

मालगाडी आली, अर्धी गेली आणि उभी राहिली. अठ्ठावन्न डबे. तिघे स्वार एक पाय खाली टेकून उभे. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी अकरा जण आले, तेही उभे राहिले. सहा मिनिटं दहा सेकंदांनी पंधरा आले. बरोबर पंधरा मिनिटांनी कंपाउंडर आला, आपल्या पुढे सगळ्यांना पाहून आधी समजला की शर्यत रद्द झाली, आणि मग खरं काय ते समजल्यावर रस्त्याच्या कडेला आडवा झाला. दिवसाची पहिली आनंदाची गोष्ट त्याच्या वाट्याला आली होती.

पंच बाईंनी घड्याळ पाहिलं. "नियमात दोन्ही बसतं," त्या म्हणाल्या. "फाटक उघडल्यावर सगळ्यांना एकत्र सोडता येईल. किंवा जो जितका मागे होता तितका थांबवून मग सोडता येईल. आयोजकांनी सांगायचं."

हिशेब तिथल्या प्रत्येकाने केला, सायकलवर बसून दुसरं काम नव्हतं. फाटकापासून गावापर्यंत वीस मिनिटं. एकत्र सोडलं तर वाऱ्याला एकमेकांचा आडोसा घेत सगळे, अगदी कंपाउंडरसुद्धा, अकराच्या आत पोचतील. तीसच्या तीस. तारीख वाचली. पण मग पोस्टमन आणि त्या दोघांनी शंभर किलोमीटर वारा खाऊन मिळवलेला वेळ गेला पाण्यात. आणि थांबवून सोडलं तर अकराच्या आत तिघं पोचतील. बाकीचे ट्रकांमधून.

पोस्टमन जवळ आला. "अण्णा, सोडा सगळ्यांना एकत्र."

"तुझा वेळ जाईल."

"जाऊ दे. रेस राहील."

अण्णांनी स्टॉपवॉच पुसलं. "तू सायकल चालव. वेळ मी बघतो."

"अहो, पण तारीख..."

"अर्धी दाढी करून मी कुणाला उठवलेलं नाही. रांगेत उभे राहा."

मग ते फाटकवाल्याच्या खोलीत गेले आणि सलूनमध्ये फोन लावला. इथून पुढचं मी स्वतः पाहिलं आहे. मी बाकावर बसून पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून ऐकत होतो. फोन वहिनींनी उचलला.

"फाटक पडलंय. मालगाडी. सगळं अकरानंतर जाईल," अण्णांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"किती नंतर?"

"शेवटचा वीस-पंचवीस मिनिटं."

"मग एकत्र सोडा ना!"

"नाही सोडणार."

"मग मला कशाला फोन केलात?"

"सांगितलं फक्त." आणि फोन ठेवला.

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा पस्तीस. त्यांनी नवऱ्याच्या सबंध घराण्याबद्दल दोन वाक्यं उच्चारली, ती मी इथे देत नाही. मग रस्त्याकडे पाहिलं. पलीकडे वाहतूक साहेब उभे होते. पहाटे पाचपासून अडथळे लावत फिरलेले. शोरूमच्या नव्या काचेत स्वतःचं तोंड बघून गालावरून उलटा हात फिरवत होते. नगराध्यक्ष येणार, फोटोवाला येणार.

वहिनी दारात आल्या. "साहेब, असेच उभे राहणार फोटोत?"

"वेळ कुठाय, वहिनी? अण्णाही नाहीत."

"मी आहे ना. साडेचार मिनिटं लागतात. हवं तर यांना विचारा."

मी पेपरच्या मागून मान हलवली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

साहेब आले. वहिनींनी त्यांना खाली बसणाऱ्या खुर्चीत बसवलं. वॉकीटॉकी कमरेवरून काढून पावडरच्या डब्याशेजारी ठेवली. टोपी खुंटीला. आणि फेस करायला घेतला. असा फेस मी आयुष्यात पाहिला नाही. लोक घर रंगवताना चुना इतका वेळ घोटत नाहीत. साहेबांनी एकदा "झालं का?" विचारलं तेव्हा दहा पंचेचाळीस झाले होते आणि ब्रश अजून वाटीत होता.

"चांगला फेस निम्मी दाढी असतो," वहिनी म्हणाल्या.

फेस लागला. मग गरम टॉवेल. पहाटे पाचला उठलेल्या माणसाच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला की काय होतं ते कुणालाही ठाऊक आहे. साहेब घोरायला लागले. टॉवेल गार झाला की वहिनी अलगद दुसरा ठेवायच्या. खुर्ची आपल्या वेगाने खाली चालली होती. अकराला दोन कमी असताना बाहेर शिट्ट्या झाल्या आणि तिघं आले. त्या आवाजाने साहेब जागे झाले. त्यांनी आरशात रस्ता बघायचा प्रयत्न केला, पण आरशात त्यांना फक्त स्वतःच्या भुवया दिसल्या.

"आले वाटतं," ते टॉवेलखालून म्हणाले.

"येतायत," वहिनी म्हणाल्या आणि वस्तरा उघडला.

अकरा वाजले. वॉकीटॉकीतून हवालदाराचा आवाज आला, "साहेब, अकरा झाले. गाड्या सोडू का?" गावाच्या वेशीवर साठ-सत्तर ट्रक उभे, हॉर्न इथपर्यंत ऐकू येत होते. साहेबांनी तोंड उघडलं. त्याच क्षणी वस्तरा वरच्या ओठावर, मिशीच्या कडेला टेकला.

"हलू नका," वहिनी म्हणाल्या. "मिशी जाईल."

साहेब हलले नाहीत.

"साहेब, आदेश?" वॉकीटॉकी म्हणाली.

साहेब नाकातून काहीतरी म्हणाले. ते 'सोडा' होतं की 'थांबा' होतं हे पुढे बराच काळ वादाचं राहिलं. हवालदार शिस्तीचा माणूस. स्पष्ट आदेश नाही म्हणून त्याने अडथळा हलवला नाही.

अकरा वाजून दोन मिनिटांनी अकरा जण गेले. मी बोटांवर चौदा धरले. अकरा वाजून सहा मिनिटांनी पंधराची झुंड गेली. एकोणतीस.

"झाली ना, वहिनी?" साहेबांनी वस्तरा उचललेली संधी साधली.

वहिनी मागे सरकल्या, मान तिरकी केली, एक डोळा मिटला. "डावी जरा मोठी राहिलीय."

"राहू दे."

"फोटोत राहते ती कायमची राहते, साहेब. हलू नका."

डावी कापली. मग उजवी मोठी दिसायला लागली. उजवी कापली. मग पुन्हा डावी. मी चाळीस वर्षं सलूनमध्ये जातोय, पण मिशी अशी दोन्हीकडून शत्रूने वेढल्यासारखी कमी होताना पाहिली नव्हती. वहिनींचा हात मिशीवर होता. डोळे मात्र साहेबांच्या ओठांवरून सारखे रस्त्यावर जात होते, आणि रस्ता मोकळा होता. गादीशेठ दारात उभे राहून घड्याळ बघत होते. नगराध्यक्ष सव्वाअकराला मागच्या गल्लीतून चालत येऊन फीत कापून निघूनही गेले. पहिला आलेला स्वार, परगावचा दाताच्या कॉलेजातला मुलगा, अटीप्रमाणे गादीवर आडवा झाला होता आणि झोपला होता. त्याला हलवून पाहिलं, नाव घेऊन हाका मारल्या. फोटोवाल्याने शेवटी तसाच फोटो काढला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मिशी नाकाखालच्या एका आडव्या रेघेपर्यंत आली होती. आता कापायला काही उरलं नव्हतं. वहिनींनी वस्तरा खाली ठेवला. तुरटीचा खडा घेतला आणि फिरवला. परत फिरवला.

"वहिनी," साहेब शांतपणे म्हणाले, "अजून किती जण मागे आहेत?"

वहिनींचा हात थांबला. "एकच."

"कोण?"

"कंपाउंडर."

साहेबांनी डोळे मिटले. "मागच्या महिन्यात आईला रात्री दोनदा इंजेक्शन द्यायला आला होता," ते म्हणाले. मग मान पुन्हा मागे टेकवून, "एक गरम टॉवेल राहिलाय बहुतेक."

अकरा वाजून चोवीस मिनिटांनी कंपाउंडर आला. तोंड उघडं, टोपी वाकडी, सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मागे अॅम्ब्युलन्स, आणि तिच्यात अण्णा. फाटकावर त्याला एकोणीस मिनिटं झोप मिळाली होती, नाहीतर हे शक्य नव्हतं, असं तो स्वतःच सांगतो. अण्णांनी त्याला तिथे एकट्याला, दहा वाजून त्रेपन्न मिनिटांवर काटा येईपर्यंत, खांद्याला धरून थांबवलं होतं आणि मग सोडलं होतं. रेषा ओलांडल्यावर तो थांबला नाही, कारण थांबायला लागणारी ताकद त्याच्याकडे नव्हती. दाताच्या मुलाशेजारी, थेट गादीवर गेला. सायकलसकट.

साहेब खुर्चीतून वर आले. चेहरा कोरा, नाकाखाली रेघ. पावडरच्या डब्याशेजारची वॉकीटॉकी उचलली. "रस्ता खुला," म्हणाले. मग आरशात पहिल्यांदा स्वतःकडे नीट बघितलं आणि टोपी बरीच खाली ओढून घेतली.

पोस्टमन तिघांत तिसरा आला. सगळं झाल्यावर अण्णांसमोर येऊन उभा राहिला.

"तिसरा," तो म्हणाला.

"किती मागे?"

"अर्धं चाक."

"ते तुझंच ना? झुंडीतून उसनं नाही ना आणलंस?" अण्णा म्हणाले आणि त्याच्या पिंढरीवर राहिलेला एक केस त्यांना दिसला. त्यांनी वाकून तो नीट बघितला. "घाई झाली काल," पुटपुटले.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी वस्तरा हातात घेतला. त्याची धार गेलेली पाहून म्हणाले, "कुणाची एवढी कडक दाढी?" वहिनी म्हणाल्या, "सरकारी."

गादीशेठनी चेक दिला आणि झोपलेल्या विजेत्याच्या फोटोचं मोठं होर्डिंग लावलं. कंपाउंडरची सायकल कोपऱ्यात दिसते. खाली लिहिलंय, 'चालत्या माणसालाही आडवं करणारी गादी'. तेलाचे डाग पडलेली ती गादी त्यांनी हमीत बदलून वहिनींना दिली. खळगा अजून पडलेला नाही. मला कसं ठाऊक, असं विचारू नका.

दीड महिन्याने पत्र आलं. वहिनींनी मोठ्याने वाचलं. पंचांच्या अहवालानुसार तीस स्वारांनी बंद रस्त्यावर शर्यत पूर्ण केली, तारीख कायम. खाली बाईंच्या हातची ओळ होती: फाटकावर वेळ राखण्याची अशी काटेकोर पद्धत अन्यत्र पाहिली नाही, मात्र पुढील वर्षी अंतिम रेषेवर गादी ठेवू नये.

"हं," अण्णा म्हणाले, आणि पत्र आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायला डिंक शोधू लागले.

त्याच वेळी साहेब आत आले. मिशी परत मूळ धरत होती. ते खाली बसणारी खुर्ची टाळून दुसरीत बसले. अण्णांनी फेस लावला, वस्तरा दोनदा पट्ट्यावर फिरवला, मान मागे टेकवली आणि पातं कंठाशी आलं तेव्हा हळूच म्हणाले, "साहेब, पुढच्या वर्षी रस्ता साडेअकरापर्यंत धरू ना?"

साहेबांनी डोळ्यांनीच आत, पडद्याकडे बघितलं. पडद्यामागे वहिनी टॉवेल उकळत होत्या.

अण्णा पाच सेकंद थांबले.

"धरला," ते म्हणाले.